सहा डॉक्टरांचा दिवस एकाच्या वाट्याला कसा आला? प्राथमिक आरोग्य केंद्राची ऐंशी वर्षे

१/२०
सकाळी दवाखान्याचे दार उघडण्यापूर्वीच ओट्यावर माणसे येऊन बसलेली असतात. कडेवर तापाने फणफणलेले मूल, पायाला फडके गुंडाळलेला शेतमजूर, तपासणीला आलेली गरोदर स्त्री. आत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या दिवसाची इतर कामे वाट पाहत असतात : उपकेंद्रावरचे लसीकरण, आश्रमशाळेतील तपासणी, पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल, तालुक्याची बैठक, पोलिसांनी पाठवलेला जखमी. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात हा दिवस कोणालाही ओळखीचा वाटेल. एवढी कामे एका माणसाच्या दिवसात आली कशी, याचे उत्तर मात्र १९४३ पासूनच्या इतिहासात शोधावे लागते.

२/२०
इंग्रजी अमदानीत सरकारी वैद्यक दोन वेगळ्या खात्यांत विभागलेले होते. दवाखाने व रुग्णालये वैद्यकीय खात्याकडे. देवीची लस, पाणी, स्वच्छता आणि साथी आरोग्य खात्याकडे. दवाखान्यातील डॉक्टरने समोर आलेल्या रुग्णाला औषध द्यावे, गावात रोग का पसरला हे पाहणे त्याचे काम नव्हे, अशी ही वाटणी. १८०२ मध्ये मुंबईत देवीची लस पहिल्यांदा यशस्वी झाली आणि १८९६ मध्ये त्याच शहरात प्लेग उतरला. या दोन्ही प्रसंगांनी सरकारला साथींचे महत्त्व पटवले. तरी खेड्यातील माणसाला दोन्ही खात्यांचे दर्शन क्वचितच होई.

३/२०
ऑक्टोबर १९४३ मध्ये, महायुद्ध व बंगालचा दुष्काळ एकाच वेळी चालू असताना, सरकारने ‘आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती’ नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले हे सनदी अधिकारी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यही राहिले होते. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल दिला. स्वतंत्र भारताच्या सरकारी आरोग्यसेवेचा आराखडा म्हणून आजही त्याच अहवालाकडे बोट दाखवले जाते.

४/२०
अहवालातील आकडे सुन्न करणारे आहेत. १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. इंग्लंड-वेल्समध्ये हाच आकडा ५८ होता. १९२१ ते १९३० या दशकात येथील सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आत होते. नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका अवघ्या ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्यातही बहुतेक डॉक्टर शहरांत, आणि बहुतेक लोक खेड्यांत.

५/२०
यावर समितीने सुचवलेली रचना धाडसी होती. दीर्घकालीन योजनेत दर १०,००० ते २०,००० लोकांसाठी ७५ खाटांचे रुग्णालय असलेले एक प्राथमिक केंद्र आणि त्यात सहा डॉक्टर. तोवरच्या अल्पकालीन योजनेत दर ४०,००० लोकांमागे एक केंद्र : दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार प्रसाविका, चार प्रशिक्षित सुईणी, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि इतर कर्मचारी. उपचार व प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच छताखाली आणायची, ही या योजनेतील मूळ कल्पना. दोन खात्यांची भिंत पाडायची होती, पण ती पाडल्यावर येणारा भार वाहायला माणसेही तेवढीच दिली होती.

६/२०
या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने समजतो. समजा, प्रत्येक माणूस वर्षातून दोनदा डॉक्टरकडे जातो, दवाखाना वर्षातून ३०० दिवस आणि दिवसाला सहा तास चालतो. २०,००० लोकांमागे सहा डॉक्टर असतील, तर प्रत्येकाकडे दिवसाला सुमारे २२ रुग्ण येतील आणि प्रत्येक रुग्णाला १६ मिनिटे मिळतील. ४०,००० लोकांमागे दोन डॉक्टर असतील, तर रुग्ण होतात १३३ आणि मिनिटे उरतात पावणेतीन. हे गणित कागदी आहे. सहांतील काही डॉक्टर रुग्णालयातील खाटांपाशीच गुंतले असते. तरी भोर समितीची ‘तात्पुरती’ सोय आणि तिचे अंतिम उद्दिष्ट यांत केवढे अंतर होते, ते यातून दिसते.

७/२०
इतके डॉक्टर येणार कोठून? येथे समितीने एक निर्णय घेतला, ज्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले. त्या काळी डॉक्टर दोन प्रतींचे होते : विद्यापीठाचे पदवीधर आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले ‘लायसेन्शिएट’. एकूण ४७,५०० पैकी सुमारे ३०,००० डॉक्टर दुसऱ्या वर्गातील होते. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल अशाच डॉक्टरांना घडवी. समितीच्या बहुमताने हा वर्ग बंद करून देशभर एकच पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा असे ठरवले. काही सदस्यांनी विरोध नोंदवला : तुटवडा एवढा असताना हा मार्ग आत्ताच बंद करू नये.

८/२०
बहुमताची बाजू हलकी नव्हती. शहराला पूर्ण शिकलेला डॉक्टर आणि खेड्याला अर्धशिक्षित, अशी विभागणी स्वतंत्र देशाने का स्वीकारावी, हा प्रश्न न्याय्यच होता. १९४६ मध्येच पुण्याच्या त्या स्कूलचे कॉलेज झाले. पण जो पदवीधर घडला त्याचे शिक्षण शहरातील मोठ्या रुग्णालयात झाले होते, आणि त्याचे मन तेथेच रमले. लायसेन्शिएट घडणे थांबले. त्याची जागा घ्यायला पदवीधर मात्र खेड्यात पुरेसे पोहोचले नाहीत. समतेसाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत ग्रामीण केंद्रातील एकट्या डॉक्टरने आणि त्याच्या दारातील रुग्णांनी मोजली.

९/२०
दुसरी वाटही त्या काळी मांडली गेली होती. काँग्रेसने १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची एक आरोग्य उपसमिती होती. तिचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखी हे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. या उपसमितीने दर १,००० लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा असे सुचवले. साधे उपचार, प्रथमोपचार व स्वच्छता हे काम गावातच व्हावे, म्हणजे डॉक्टरकडे खरोखर डॉक्टरचेच काम जाईल. ही कल्पना त्यानंतर अनेक वर्षे कागदावर राहिली.

१०/२०
२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्र प्रत्यक्षात उतरले. पण ते आले विकास गटाच्या मापाने. एका गटात साधारण शंभर गावे आणि साठ ते ऐंशी हजार, पुढे काही ठिकाणी लाखापर्यंत लोक. केंद्र एक, डॉक्टर एक, फार तर दोन. भोर समितीने निदान गरज म्हणून सांगितलेला ४०,००० चा आकडा पहिल्याच पावलावर दुप्पट झाला. सहाव्या मुद्द्यातील गणित ८०,००० लोक आणि एक डॉक्टर धरून पुन्हा मांडले, तर दिवसाला ५३३ रुग्ण आणि प्रत्येकी चाळीस सेकंद असे उत्तर येते.

११/२०
प्रत्यक्षात ५३३ रुग्ण दारात येत नसत. शंभर गावांतील दूरच्या माणसाला बैलगाडीने किंवा पायी केंद्र गाठणे परवडण्यासारखे नव्हते. केंद्राजवळच्या गावांना दवाखाना मिळाला. उरलेली गावे वैद्य, सुईण, खाजगी डॉक्टर किंवा देवऋषी यांच्यावर विसंबून राहिली. म्हणून जुन्या केंद्रांच्या नोंदवह्यांतील रुग्णसंख्या पाहून ‘काम कमीच होते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. जे रुग्ण कधी पोहोचलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दफ्तर वाचताना ही रिकामी जागाही वाचायची असते.

१२/२०
दरम्यान डॉक्टरच्या दिवसात वरून कामे येऊ लागली. १९५१ पासून क्षयासाठी बीसीजीची मोहीम, १९५२ मध्ये कुटुंबनियोजन, १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ पासून त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर, १९६२ मध्ये देवी निर्मूलन. प्रत्येक कार्यक्रमाचा अधिकारी वेगळा, निधी वेगळा, नोंदवही वेगळी आणि अहवालाचा नमुनाही वेगळा. राजधानीत वेगवेगळ्या खोल्यांत आखलेले हे कार्यक्रम गावाच्या पातळीवर मात्र एकाच इमारतीत आणि अनेकदा एकाच टेबलावर येऊन पोहोचत. तापाचा रुग्ण आला की औषधाआधी बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, ही सवय याच काळातली.

१३/२०
या मोहिमा फसल्या असे म्हणता येत नाही. १९५३ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ मध्ये रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. देवीचा देशातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. मात्र मोहीम ओसरली की तिचा भार रोजच्या आरोग्यसेवेने उचलायचा होता, आणि ती सेवा मुळातच अपुरी होती. डासांनी कीटकनाशकांना दाद देणे सोडले, पैसा आटला, देखरेख ढिली पडली. १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण ६४ लाखांवर गेले. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवण्याचा तो परिणाम होता.

१४/२०
सर्वांत जड वही ठरली कुटुंबनियोजनाची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात साधनांनुसार उद्दिष्टे ठरू लागली. आणीबाणीत त्याचे टोक गाठले गेले : १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. या काळात गावकरी आरोग्य कर्मचाऱ्यांना पाहून दूर पळू लागले. विश्वास हे डॉक्टरचे पहिले साधन. ते एकदा हरवले की पुढे लस द्यायला गेलेल्यालाही दार बंद मिळते. उद्दिष्टांची ही पद्धत अधिकृतपणे १९९६ मध्ये थांबली.

१५/२०
डॉक्टरचा वेळ खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दुहेरी अंमल. विकास गटाच्या रचनेत तो तांत्रिक बाबतीत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला आणि प्रशासकीय बाबतीत गटविकास अधिकाऱ्याला उत्तरदायी. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. लोकांच्या प्रतिनिधींना दवाखान्याचा जाब विचारता येऊ लागला, ही मोठी कमाई होती. त्याच वेळी बैठका आणि अहवाल वाढले. शवविच्छेदन, मारहाणीच्या जखमांचे दाखले, न्यायालयातील साक्ष, यात्रेतील बंदोबस्त ही कामे तर होतीच. रुग्णाच्या रांगेत यांतील एकही काम दिसत नाही. प्रत्येकाचा वेळ मात्र त्याच रांगेतून कापला जातो.

१६/२०
सरकारला हे कळत नव्हते असे नाही. मुदलियार समितीने १९६१ मध्ये स्पष्ट सांगितले, की नवी केंद्रे उघडण्याआधी आहेत ती सुधारा आणि एका केंद्राकडे ४०,००० हून अधिक लोक देऊ नका. १९६३ मध्ये चढ्ढा समितीने हिवतापाच्या कर्मचाऱ्याकडे कुटुंबनियोजनही द्यावे असे सुचवले. १९६५ मध्ये मुखर्जी समिती म्हणाली, नको, वेगळे कर्मचारी ठेवा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने पुन्हा बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची शिफारस केली. दहा वर्षांत धोरण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत आले. प्रत्येक फेरीत केंद्राच्या डॉक्टरला नवी कार्यवाटणी, नवे प्रशिक्षण आणि नव्या वह्या सांभाळाव्या लागल्या.

१७/२०
या कोंडीला महाराष्ट्रातून एक उत्तर मिळाले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळंतपण, जुलाब, पोषण, लसीकरण या गोष्टी गावातच हाताळल्या जाऊ लागल्या आणि डॉक्टरकडे गुंतागुंतीचे रुग्ण येऊ लागले. डॉक्टरचे काम कमी करायचे तर ज्ञान वाटून टाकावे लागते, हे जामखेडने दाखवले. त्यासाठी डॉक्टरला आपला एकाधिकार सोडावा लागला. सोखी उपसमितीच्या सूचनेचे हे एका अर्थाने जमिनीवर उगवलेले रूप होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१८/२०
१९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने ग्रामपातळीवरील सेवकांची शिफारस केली, २ ऑक्टोबर १९७७ रोजी तशी योजना सुरू झाली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मांडला. १९८० च्या दशकात मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र हा निकष ठरला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ गावोगावी पोहोचली. भार मात्र हलका होण्याबरोबर खालीही सरकला, कारण आशाला वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला मिळतो.

१९/२०
२०१२ चा निकष काय सांगत होता? भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत केंद्राने सकाळी चार व दुपारनंतर दोन तास बाह्यरुग्ण सेवा द्यावी आणि एका डॉक्टरने दिवसाला किमान ४० रुग्ण तपासावेत असे म्हटले होते. म्हणजे कागदावर प्रत्येकी नऊ मिनिटे. पण ३०,००० लोक, एक डॉक्टर आणि वर्षाला दोन भेटी हे जुने गणित लावले, तर रुग्ण होतात २०० आणि वेळ उरतो दोन मिनिटांहून कमी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात आढळले, की जगातील सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते तेथे डॉक्टरची भेट पाच मिनिटांत किंवा त्याहून आधी संपते. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. दोन मिनिटांत खोकल्याचे औषध देता येते. खोकला किती दिवसांपासून आहे, घरात आणखी कोणाला आहे का आणि वजन किती घटले हे विचारायला वेळ लागतो. आणि क्षयरोग नेमका त्याच प्रश्नांत सापडतो.

२०/२०
दवाखान्यात डॉक्टर घाईत असला, चिडलेला असला किंवा जागेवर नसला, तर दोष चटकन त्या व्यक्तीवर ठेवला जातो. काही वेळा तो दोष खराही असतो, आणि ओट्यावर ताटकळलेल्या माणसाचा राग तर नेहमीच खरा असतो. पण १९४६ मध्ये सहा डॉक्टरांसाठी आखलेले काम दोघांवर, दोघांचे एकावर आले. त्यात प्रत्येक दशकाने आपली एक नोंदवही ठेवली आणि जुनी वही मात्र क्वचितच उचलली गेली. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. डॉक्टर व आरोग्यसेविका यांच्या मधला, १९४६ नंतर मिटवलेला टप्पा त्या रूपाने पुन्हा भरला जात आहे. नवी योजना जाहीर झाली, की इतिहास वाचणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा : हे काम नेमके कोणाच्या दिवसात बसवले आहे, आणि त्या दिवसातून कोणते जुने काम काढून घेतले आहे?
(समाप्त)